कानाला एक, कागदावर दोन

'स्टेशनरीची यादी पाठवा' हे मराठीत लिहिताना चूक व्हायला जागाच नाही. तेच वाक्य इंग्रजीत लिहायला घेतलं की शेवटी 'ए-आर-वाय' लिहायचं की 'ई-आर-वाय', इथे हात अडखळतो. 'ई-आर-वाय'वाली स्टेशनरी म्हणजे वह्या, पेनं, पाकिटं. 'ए-आर-वाय'वाली म्हणजे स्थिर, जागचं न हलणारं. देवनागरीत दोन्ही 'स्टेशनरी'च. आपण इंग्रजी शब्द बहुतेक वेळा कानाने उचलतो आणि मनात देवनागरीतच ठेवतो. दोन वेगळे शब्द तिथेच एकमेकांत मिसळून जातात. ते सोडवायला कान उपयोगाचा नाही. प्रत्येक शब्दाचं गणगोत शोधावं लागतं. पुढे जिथे स्पेलिंगला महत्त्व आहे तिथे फोनवर सांगतात तशी अक्षरांची नावं घेतली आहेत.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत, पाणि आणि पाणी या जोड्या बोलताना सहसा वेगळ्या ऐकू येत नाहीत. कागदावर मात्र एक दिवस आणि दुसरा गरीब, एक मुलगा आणि दुसरा दोरा, एक हात आणि दुसरं पाणी. इंग्रजीत अशा जोड्या शेकड्यांनी आहेत, आणि त्यामागे कारण आहे. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'के'ने सुरू होणारा 'नाइट' म्हणजे सरदार. मध्ययुगीन इंग्रजीत त्या 'के'चा उच्चार होत असे आणि 'जी-एच'चाही घशातून 'ख'सारखा उच्चार होत असे. 'मीट'चं तेच. भेटण्याच्या 'मीट'मध्ये दोन 'ई', मांसाच्या 'मीट'मध्ये 'ई-ए', कारण एके काळी हे स्वरच वेगळे होते. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा सोडून सरकले. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हा हा बदल चालूच होता. छपाईने स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, उच्चार मात्र पुढे निघून गेले. म्हणून न उच्चारलेलं अक्षर दिसलं की ते फुकट घातलंय असं समजू नये. बहुतेकदा तो जुन्या उच्चाराचा ठसा असतो, आणि त्याच शब्दाच्या एखाद्या भावंडात तो अजून ऐकू येतो.

'टू' घ्या. दोन या अर्थाच्या 'टू'मध्ये मधेच 'डब्ल्यू' का? तो 'ट्विन', 'ट्वाइस', 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'बिट्वीन' या सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो, आणि या सगळ्यांत दोनाचा अर्थ आहे. हे गणगोत एकदा दिसलं की 'डब्ल्यू'ची जागा चुकत नाही. 'जास्त' किंवा 'सुद्धा' या अर्थाच्या 'टू'ला एक 'ओ' जास्त. उरलेला साधा 'टी-ओ' म्हणजे 'कडे', 'ला'.

'देअर'चे तिघेही असेच सुटतात. जागा दाखवणाऱ्या 'देअर'मधून पहिलं अक्षर काढलं की 'हिअर' उरतं. 'व्हेअर'मधलं पहिलं अक्षर काढलं तरी तेच. हिअर, देअर, व्हेअर: इथे, तिथे, कुठे. तिन्ही जागेचे शब्द, तिन्हींचा शेवट एक. 'त्यांचा' या अर्थाच्या 'देअर'चं पहिलं अक्षर काढलं तर 'एच-ई-आय-आर' उरतं, म्हणजे वारस. वारसाचा संबंध मालकीशी, म्हणून हा मालकीचा 'देअर'. तिसरा 'दे आर'चा जोड, त्याला अपॉस्ट्रॉफी. यातली वारसाची खूण केवळ योगायोगाची आहे, शब्दांचं मूळ वेगळं आहे. तरी लक्षात ठेवायला ती पक्की आहे. खरं नातं आणि लक्षात ठेवायची क्लृप्ती यांत फरक आहे हे मात्र मनाशी स्पष्ट असावं, कारण क्लृप्ती एकाच जोडीला पुरते आणि खरं नातं पुढच्या दहा शब्दांना उपयोगी पडतं.

स्टेशनरीच्या बाबतीत खरं नातं असं. 'बेकर'ची 'बेकरी', 'ग्रोसर'ची 'ग्रोसरी', तशी 'स्टेशनर'ची 'स्टेशनरी'. विकणारा किंवा बनवणारा माणूस 'ई-आर'ने संपतो, त्याला 'वाय' लागतो. मध्ययुगात फेरीवाले गावोगाव हिंडत आणि काही विक्रेते एका ठरलेल्या जागी दुकान थाटून बसत. त्या जागच्या जागी बसणाऱ्याला लॅटिनमध्ये 'स्टेशनारियस' म्हणत. पुढे हे नाव पुस्तकं आणि कागद विकणाऱ्याला चिकटलं. म्हणजे स्थिर आणि वह्या-पेनं हे दोन्ही अर्थ एकाच मुळातून आलेत, म्हणून नुसतं मूळ सांगून इथे भागत नाही. शेवटाकडेच बघावं लागतं. 'ए-आर-वाय' हा शेवट विशेषणांचा आहे: प्रायमरी, सेकंडरी, टेम्पररी. स्थिर हेही विशेषणच.

शेवटावरून ओळखायची दुसरी जोडी 'प्रिन्सिपल'. 'ए-एल' हाही विशेषणाचा शेवट: नॅशनल, सेंट्रल, लोकल. त्यामुळे 'ए-एल'वाल्या प्रिन्सिपलचा मूळ अर्थ 'मुख्य'. मुख्य माणूस म्हणून प्राचार्य, कर्जातली मुख्य रक्कम म्हणून मुद्दल. 'एल-ई'वाला प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, आणि तो फक्त नाम असतो. 'रूल' हा शब्दही 'एल-ई'नेच संपतो, तत्त्व आणि नियम जवळचे, हे लक्षात ठेवायला पुरतं. तपासायला एकच प्रश्न विचारा: त्या जागी 'मेन' घालून वाक्य चालतं का? 'मुख्य कारण' म्हणायचं असेल तर चालतं, म्हणून 'ए-एल'. 'तत्त्वतः मान्य'मध्ये चालत नाही, म्हणून 'एल-ई'. प्राचार्य आणि मुद्दल एवढे दोन अर्थ वेगळे लक्षात ठेवावे लागतात. कर्जाच्या कागदपत्रात मुद्दलाला 'एल-ई' लावलं तर वाचणाऱ्यापुढे 'तत्त्व' येतं, आणि लिहिणाऱ्याला विषयच माहीत नाही असा त्याचा समज होतो.

मराठी माणसाला इथे देवनागरी हेच एक चांगलं हत्यार आहे, ते फारसं कोणी वापरत नाही. लिहिताना मनातल्या मनात शब्दाचा मुद्दाम 'चुकीचा', म्हणजे अक्षराला धरून उच्चार करायचा. प्राचार्य 'प्रिन्सिपाल', तत्त्व 'प्रिन्सिप्ले'. वह्यांची 'स्टेशनेरी', स्थिर असेल ती 'स्टेशनारी'. बोलायचं नेहमीसारखंच, पण आतला उच्चार वेगळा ठेवायचा. आपल्या लिपीत हा फरक जसाच्या तसा लिहिता येतो, म्हणून वहीच्या मागच्या पानावर अशा दहा-पंधरा जोड्या देवनागरीत लिहून ठेवाव्या.

'कॉम्प्लिमेंट'लाही ही युक्ती लागू पडते. मधे 'ई' असेल तर 'कॉम्प्लीट'शी नातं, म्हणजे पूर्ण करणारं, पूरक. भूमितीतले कोटिकोन, ज्यांची बेरीज 90 अंश, ते याच शब्दाने ओळखले जातात, कारण ते एकमेकांना काटकोन होईपर्यंत पूर्ण करतात. मधे 'आय' असेल तर स्तुती. त्याच 'आय'वाल्याचं विशेषण 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे फुकट दिलेलं, सौजन्य म्हणून दिलेलं. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. आमंत्रणावर मोफत नाश्ता म्हणायचं असताना 'ई'वालं लिहिलं तर 'पूरक नाश्ता' होतो, आणि शब्द तपासणारं सॉफ्टवेअर लाल रेघ मारत नाही, कारण तोही शब्द शब्दकोशात आहेच.

'डिस्क्रीट'चं सोपं आहे. एका स्पेलिंगमध्ये दोन्ही 'ई' शेजारी आहेत: संयमी, गुपित राखणारा. दुसऱ्यात 'टी' मधे येऊन दोन 'ई' वेगळे करतो: सुटंसुटं, अलग. गणितात आणि संगणकात हा दुसराच लागतो.

'साइट' तिघं आहेत. दृष्टीच्या 'साइट'मध्ये 'लाइट', 'ब्राइट'सारखं 'जी-एच'. जागेची 'साइट' 'सिच्युएशन'च्या कुळातली, म्हणून 'एस-आय-टी'ने सुरू. संदर्भ देण्याचा 'साइट' 'सी'ने सुरू होतो, कारण त्याचं नाम 'सायटेशन'. प्रबंध लिहिणाऱ्यांनी हा तिसरा तेवढा नीट सांभाळावा.

'राइट'मध्ये मात्र चार आहेत, आणि त्यातून बाहेर पडणारे जोडशब्द खरा त्रास देतात. लिहिण्याचा 'राइट', बरोबर किंवा हक्क या अर्थाचा 'राइट', 'रिच्युअल'च्या घरचा विधी या अर्थाचा 'राइट', आणि चौथा 'डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी', म्हणजे कारागीर. हा चौथा एकटा फारसा भेटत नाही, पण जहाजं बांधणारा 'शिपराइट' आणि नाटककार 'प्लेराइट' यांच्यात तो आहे. नाटककार नाटक लिहितो म्हणून लिहिण्याचाच 'राइट' लावावासा वाटतो, आणि तीच चूक. इंग्रजीच्या नजरेत नाटककार हा नाटक घडवणारा कारागीर आहे. 'कॉपीराइट' हा मात्र हक्क, म्हणून तिथे हक्काचा 'राइट'. जाहिरातीचा मजकूर लिहिणारा 'कॉपीरायटर', तिथे लिहिण्याचा. एकाच अर्जात हे दोन्ही शब्द येऊ शकतात, म्हणून ही जोडी सुटी पाठ करावी.

आता अपॉस्ट्रॉफी. 'इट्स', 'युअर', 'हूज' या तिन्हींना एकच कसोटी: शब्द उलगडून वाचा. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं उलगडून वाक्य टिकलं तर अपॉस्ट्रॉफी, नाही टिकलं तर नाही. गोंधळाचं कारण समजण्यासारखं आहे. नामाला मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी लागतो, मग 'इट'ला का नको? पण मालकी दाखवणाऱ्या पुरुषवाचक सर्वनामांत तो कुठेच नाही: हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स. 'इट्स' याच रांगेतला. तो तसा नवा शब्द आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निर्जीव वस्तूलाही 'हिज'च वापरत, आणि 'इट्स' आल्यावरही बराच काळ लोक मालकीसाठी तो अपॉस्ट्रॉफी घालूनच लिहीत. आजचा नियम मात्र पक्का आहे, त्याला अपवाद नाही.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'मध्ये आपली बाजू भक्कम आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या बोलण्यात दोन्हींचा पहिला स्वर इतका पुसट होतो की फरक ऐकूच येत नाही. आपण मात्र 'अ' आणि 'इ' स्वच्छ उच्चारतो. तो उच्चार सोडू नका आणि बोलता तसंच लिहा. 'अफेक्ट' क्रियापद, परिणाम करणं. 'इफेक्ट' नाम, परिणाम. दोन अपवाद आहेत. बदल 'घडवून आणणं' या अर्थी 'इफेक्ट' क्रियापद होतो, आणि मानसशास्त्रात भावावस्थेला 'ॲफेक्ट' हे नाम वापरतात, त्यात जोर पहिल्या अक्षरावर.

नाम आणि क्रियापदाचा आणखी एक गट आहे. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला, 'सी'ने. 'ॲडव्हाइझ' म्हणजे सल्ला देणं, 'एस'ने. इथे उच्चारात फरक आहे, तो जरूर करावा. ब्रिटिश पद्धतीत 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांनाही हाच नियम, नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने, फक्त उच्चार एकच. शंका आली की त्या जागी ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ घालून बघा, कान उत्तर देईल. अमेरिकन पद्धतीत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी'ने, 'लायसन्स' दोन्हीकडे 'एस'ने.

ब्रिटिश आणि अमेरिकन हा फरक काही जोड्या निर्माण करतो आणि काही मिटवतो. बँकेचा 'चेक' ब्रिटिश पद्धतीत 'क्यू-यू-ई'ने संपतो, तपासण्याचा 'सी-के'ने; अमेरिकेत दोन्ही 'सी-के'. लांबी मोजायचं एकक 'मीटर' ब्रिटनमध्ये 'आर-ई'ने, विजेचा मीटर 'ई-आर'ने. अमेरिकेत दोन्ही 'ई-आर'. इमारतीचा मजला 'स्टोरी' ब्रिटनमध्ये 'ई-वाय'ने, गोष्ट नुसत्या 'वाय'ने. 'प्रोग्रॅम' ब्रिटनमध्ये शेवटी 'एम-एम-ई', पण संगणकाचा प्रोग्रॅम जगभर एकाच 'एम'चा. कोणतीही एक पद्धत चालेल, एका मजकुरात दोन चालणार नाहीत. लिहायला बसण्याआधी सॉफ्टवेअरची भाषा ब्रिटिश इंग्रजी की अमेरिकन इंग्रजी हे ठरवून घ्या, नाहीतर ते बरोबर शब्दांनाही लाल करेल आणि तुम्ही ते 'दुरुस्त' कराल.

इथवरच्या बहुतेक जोड्या इंग्रजी बोलणाऱ्यांनाही छळतात. पण काही जोड्या खास आपल्या कानातून तयार होतात, आणि इंग्रजीत लिहिलेल्या यादीत त्या सापडत नाहीत. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ 'इ' आणि 'उ' यांचा फरक अर्थ बदलेल इतका राहिलेला नाही. इंग्रजीत त्यावर शब्द उभे आहेत. 'फील फ्री'च्या जागी 'फिल फ्री' लिहिलं जातं, म्हणजे 'मोकळं वाटू दे' ऐवजी 'फुकट भरा'. 'लिव्ह' राहणं आणि 'लीव्ह' निघणं. 'पुल' ओढणं आणि 'पूल' तळं. 'फुल' भरलेलं आणि 'फूल' मूर्ख. यात केवळ लांबीचा प्रश्न नाही. इंग्रजी ऱ्हस्व 'इ' म्हणताना जीभ किंचित खाली आणि सैल असते, दीर्घ 'ई'ला वर आणि ताणलेली. जीभ सैल सोडून 'इ' म्हणून बघा, फरक लगेच जाणवेल.

'स' आणि 'झ'चंही तसंच. 'लूज' असं एकच म्हटलं की दोन शब्द एक झाले. सैल या अर्थाच्या शब्दात शेवटी स्वच्छ 'स' आहे आणि दोन 'ओ'. हरवणं या अर्थाच्या शब्दात 'झोप'मधल्या 'झ'च्या जवळचा आवाज, आणि एकच 'ओ', जणू दुसरा हरवला. 'प्राइस' किंमत आणि 'प्राइझ' बक्षीस यांनाही हाच आवाज वेगळा करतो.

'व'चा गुंता मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तो लिप्यंतरातून येतो. मराठीत 'व्ही'साठी 'व्ह' आणि 'डब्ल्यू'साठी 'व' लिहितात: व्हॅन, व्हिडिओ, वॉटर, वेस्ट. ही रीत फार चांगली आहे. पण 'डब्ल्यू-एच' आला की त्यातला 'एच' पाहून आपण पुन्हा 'व्ह' लिहितो: व्हाइट, व्हॉट. परिणामी देवमासा आणि बुरखा दोन्ही 'व्हेल'. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी 'डब्ल्यू-एच'चा उच्चार नुसत्या 'डब्ल्यू'सारखा होतो, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला दारू आणि कुरकुर करणं हे दोन शब्द एक, आणि वेल वेगळी. आपण 'वाइन, व्हाइन, व्हाइन' लिहितो, तेव्हा कुरकुर आणि वेल एक होते, दारू वेगळी राहते. उपाय उच्चारात आहे. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'डब्ल्यू'ला, मग पुढे 'एच' असो वा नसो, ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच टेकत नाहीत.

वाक्प्रचारांत शब्द गोठलेले असतात, तिथे अर्थ विचारायची सवय सुटते आणि चुका टिकून राहतात. 'बेअर विथ मी' म्हणजे जरा सोसून घ्या. इथे 'ई-ए'वाला 'बेअर' हवा, दुसऱ्या 'बेअर'चा अर्थ उघडं करणं, आणि कामाच्या ईमेलमध्ये तो वाईट दिसतो. 'फ्री रेन'मध्ये लगाम आहे, राज्य नाही. लगाम सैल सोडला असा अर्थ, म्हणून त्यात 'जी' येत नाही. 'टो द लाइन'मध्ये पायाची बोटं रेषेला लावून उभं राहायचं आहे, काही ओढायचं नाही. 'बेटेड ब्रेथ'मध्ये गळाला लावायचं आमिष नाही. 'अबेट' म्हणजे कमी होणं, त्याचं हे तुटलेलं रूप, श्वास रोखलेला. पुस्तकात डोकं घालून वाचायचं त्याला 'पोअर ओव्हर', त्यात 'यू' नाही. 'यू'वालं असेल तर पुस्तकावर काहीतरी ओतलं जाईल. 'स्नीक पीक'मध्ये दोन 'ई'वाला पीक, चोरून बघणं. शेजारच्या 'स्नीक'मधला 'ई-ए' पाहून हात तसाच पुढे जातो आणि डोंगराचं शिखर लिहून बसतो.

'लेड'ची चूकही अशीच नमुन्यामुळे होते. 'रीड'चा भूतकाळ 'रेड' त्याच स्पेलिंगने लिहितात, म्हणून 'लीड'चाही तसाच लिहिला जातो. त्याचा भूतकाळ फक्त 'एल-ई-डी'. 'ए' घातला तर शिसं हा धातू.

एकत्र की सुटं, हा प्रश्नही कानाला कळत नाही. 'लॉगिन', 'सेटअप', 'बॅकअप' नाम असताना जोडून, क्रियापद असताना दोन शब्द. 'एव्हरीडे' विशेषण असताना जोडून. रोज या अर्थी सुटं, आणि तिथे मधे 'सिंगल' घालता येतो, तीच कसोटी.

तपासताना एक गोष्ट उलटी करावी लागते. मजकूर मोठ्याने वाचावा हा सल्ला इतर चुकांना उत्तम, पण या चुका मोठ्याने वाचल्यावर हमखास निसटतात, कारण आवाज बरोबरच असतो. आवाजावरून टाइप करणारं सॉफ्टवेअरही याच कारणाने इथे गोते खातं, म्हणून बोलून लिहिलेला मजकूर दुप्पट काळजीने बघावा. स्वतःकडून वारंवार चुकणाऱ्या दहा शब्दांची यादी करा. मजकूर पूर्ण झाल्यावर 'शोधा'मध्ये पूर्ण शब्द जुळवायचा पर्याय चालू करून एकेक शब्द टाका आणि प्रत्येक जागी थांबून फक्त त्या शब्दाची कसोटी लावा: उलगडून बघा, 'मेन' घाला, 'सिंगल' घाला. जोडीतले दोन्ही शब्द शोधायचे, एकच नाही. चुकीचा 'इट्स' जितक्या वेळा अपॉस्ट्रॉफी घालून येतो, तितक्याच वेळा तो न घालताही येऊ शकतो.